टोपमामांचा ढगळ टोप

टोपमामा माणसाच्या तोंडाकडं बघून बोलत नाहीत, डोक्याकडं बघून बोलतात. मी बदली होऊन औशाला आले, त्यांच्या भिंतीला भिंत लागून घर घेतलं, तेव्हा पहिल्याच दिवशी हा उंच, वाळका माणूस वाटीत साखर घेऊन दारात उभा राहिला. ना नमस्कार ना चमत्कार. माझ्या भांगाच्या चार बोटं वर नजर लावून म्हणाला, "बाई, तुमचं डोकं मागून चपटं हाय. आईनं लहानपणी उताणंच निजवलं असंल."

मी शाळामास्तरीण. ऐकून घ्यायची मला सवय नाही. म्हणलं, "अन् तुमचं कसं हाय?"

तर चिडायचं सोडून माणूस खूश! "माझं लई अवघड हाय बाई. म्होरून रुंद, मागून निमुळतं. रेडिमेड काय बी बसत न्हाई." एवढं बोलून साखर ओतली अन् गेले.

खरं नाव गंगाधरराव. जन्मभर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. सोयाबीन, तूर, हरभरा मापून मापून रिटायर झाले आणि मग लोकांची डोकी मापायला लागले. शाळेचं गॅदरिंग असो, जयंतीची मिरवणूक असो, गणपतीचा देखावा असो, सोंग घेणाऱ्याला डोक्यावर काहीतरी लागतंच. कुणाला सरदाराचा टोप, कुणाला रावणाचा मुकुट, कुणाला चंद्रावर जायची ती काचेची घागर. हे सगळं मामा कागदाचं करून द्यायचे. मोबाइलवर असल्या टोपांचे फर्मे मिळतात. फर्मा म्हणजे टोपाचे सुटे तुकडे कागदावर उलगडून मांडलेले. छापायचे, कापायचे, कडा डिंकानं जोडत जायच्या, की टोप उभा राहतो. खरी गोम पुढंच आहे. मोबाइलवरचा फर्मा कुणाच्या तरी डोक्याचा असतो, आपल्या डोक्याचा नसतो. तो आपल्या डोक्याएवढा लहान-मोठा करणं, ही मामांची विद्या. गावानं त्यांना टोपमामा म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी ते नाव पदवीसारखं मिरवलं.

या विद्येपायी त्यांना काळवेळ राहिला नव्हता. गल्लीतले एक म्हातारे वारले, बायका रडतायत, तिरडी बांधणं चाललंय, आणि मामा माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "गेल्यावर माप एक बोट उतरतं, बघा." मी असे डोळे वटारले की दुसरा कुणी असता तर तिथंच बसला असता. मामा मात्र आणखी एकदा वाकून खात्री करून घेत होते. लग्नात हे जेवायच्या पंगतीत नसायचे, मांडवाजवळ असायचे. नवरदेवाचा फेटा ढिला आहे की घट्ट, बाशिंग कपाळावर बसलंय की भुवयांवर, यावर त्यांचं लग्नाबद्दलचं मत ठरायचं. "पोरगं चांगलं हाय, पण फेटा दुसऱ्याच्या डोक्याचा हाय," म्हणायचे.

मी पण एकदा त्यांच्या तावडीत सापडले. गॅदरिंगला आमच्या पोरांना सरदारांचे टोप पाहिजे होते. मी शहाणपणा करून स्वतःच फर्मा काढला, छापून आणला, दोन मास्तरीणबाईंना घेऊन दिवसभर डिंकानं हात बरबटवले. टोप झाला. नारळाला छान बसला असता. मामांनी तो हातात घेतला, आत डोकावून बघितलं आणि मयताला आल्यासारखा चेहरा केला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या घेऊन शाळेत हजर. पोरांची रांग लावली. "डोकं उघडं करा! टोपी काढा, दस्ती सोडा, रिबिनी काढा, क्लिपा काढा. डोक्यावर फकस्त डोकं पाहिजे!" डोक्याला रुमाल गुंडाळून आलेल्या एका पोराला तर त्यांनी असं फैलावर घेतलं, की पोरगं रडायला आलं. दस्तीवर मामांचा एवढा राग का, ते मला तेव्हा कळलं नाही. मग भुवयांवरून गोल पट्टी, या कानापासून त्या कानापर्यंत डोक्यावरून पट्टी, सगळ्या मापांवर खुणा. वर एक बोट मोकळं सोडायचं, "डोक्याला वारा पाहिजे" म्हणून.

तिथून मोर्चा बसस्टँडजवळ रफीकच्या झेरॉक्सच्या दुकानात. मामा आणि रफीक यांचं भांडण ऐकायला लोक मुद्दाम एक पान झेरॉक्स काढायला यायचे. मामा आधी एकच पान छापायला लावायचे, त्यावरची रेघ स्वतःच्या पट्टीनं मोजायचे आणि ओरडायचे, "रफीक, तू पुन्हा ते 'पानात बसवा'चं बटण दाबलंस! सगळा टोप बारीक झाला की रे!"

"नै मामा, कसम से."

"मग ही रेघ कमी कशी?"

"मशीन है मामा, व्याही नै. कित्ता मान रखेगी तुमचा?"

पण रफीक पुन्हा छापून द्यायचा, आणि चहा पण मागवायचा. आमच्या पोरांचे टोप असे बसले, की गॅदरिंगमध्ये एकानंही भाषण करताना डोक्याला हात लावला नाही.

चुका मामांच्या पण व्हायच्या. एका मिरवणुकीत घोड्यावर बसणाऱ्या सरदाराला त्यांनी मानेपर्यंतचा टोप केला, गालावरून पट्ट्या, हनुवटीखाली बंद. बसला तर काय बसला! पोराच्या अंगाचाच वाटत होता. मिरवणूक संपली आणि टोप निघेना. डोकं मापलं होतं, पण ज्या भोकातून डोकं बाहेर यायचं ते भोक मामांनी मापलंच नव्हतं. घालताना दोघांनी ओढून घातला होता म्हणे. सरदार दुपारपर्यंत चौकात बसून, लोक त्याला नळीनं उसाचा रस पाजतायत, घोडेवाला घोडा मागतोय. शेवटी मामांनी कात्री घेतली आणि स्वतःच्या हातानं टोप उभा चिरला. पोरगं सुटलं, पाया पडलं. मामांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, पोराला तकलीफ झाली म्हणून. तर म्हणाले, "कानशिलाचा जोड लई चांगला जमला होता ओ बाई."

घरी प्रयागमामी ही गोष्ट सांगून सांगून हसायच्या. देवणीकडच्या एका खेड्यातलं त्यांचं माहेर, ठेंगण्या, गोऱ्या, हसल्या की पदराचं टोक तोंडात धरायच्या. मला म्हणायच्या, "बाई, ह्ये साऱ्या जगाची डोकी मोजून आले. ह्येंचं डोकं तपासायला कुणी भेटलं न्हाई, हीच तकलीफ हाय." मामा आतून ओरडायचे, "ऐकू आलं!" मामी म्हणायच्या, "ऐकू यावं म्हणूनच बोलले." दोघांचा संसार असा भिंतीपलीकडून माझ्या कानावर पडायचा आणि मला एकटीला त्याची सोबत व्हायची. लेक नांदेडला दिलेली, सणावाराला यायची.

मग मामी विसरायला लागल्या.

आधी वरणात दोनदा मीठ. मग भर दुपारी पिशवी भरून माहेरी निघाल्या, आई वाट बघते म्हणून. आणि एका सकाळी मामा अंघोळ करून आत आले, तर मामींनी झटकन डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, "कुणाकडं आलाव, पाव्हणं?"

मामा हसले. त्यांना चेष्टा वाटली. दिवसभर ते हसत होते, आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले, ते दिवे लागले तरी उठले नाहीत.

पुढं ते रोजचंच झालं. मामी माणूस चांगल्या, परक्याला पण धड वागवायच्या. पाणी द्यायच्या, बसायला द्यायच्या, आणि मग हळूच म्हणायच्या, "चहा झाला न्हवं? मग जावा आता. घरात गडीमाणूस न्हाई, लोक काय म्हणतील?" मग मामा स्वतःच्या घरातून उठून बाहेर पडायचे, माझ्या ओट्यावर घटकाभर बसायचे आणि पुन्हा आत जायचे. "कुणाकडं आलाव, पाव्हणं?" पहिल्यापासून सुरू. मी एकदा चिडून म्हणलं, "मामी, अहो हे मामा, तुमचा नवरा!" त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की बाईचं डोकं फिरलं का काय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेही एक वेळ चाललं असतं. पण मामींनी खाणं सोडलं. मामांच्या हातचं तर शिवतच नव्हत्या, परक्या पुरुषाच्या हातचं कसं खायचं? स्वयंपाकाला बाई ठेवली, तिला हाकललं. मी भरवलं तर दोन घास, मग तोंड मिटून घ्यायच्या. लेक नांदेडच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, विसरण्यावर आता फार औषध नाही, पण खाणं चालू राहिलं पाहिजे, नाहीतर नाकातून नळी घालावी लागंल. नळीचं नाव काढल्यापासून मामांची झोप उडाली. डोकी मापायचं बंद झालं. दारावरून नवरदेवाची वरात गेली तरी मान वर करून बघेनात.

त्यातच मामींनी नवीन धरलं. "राजा कुठं हाय? राजाला बोलवा." सकाळ-संध्याकाळ तेच. मला वाटलं, वाताचं बोलणं. पण मामा ते ऐकून उठून बसले. कितीतरी दिवसांनी तोंडावर तजेला आला.

"बाई, राजा म्हंजे मीच की!"

मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या आधी, मामींच्या गावच्या जत्रेत पोरांनी नाटक बसवलं होतं. मामा शेजारच्या गावचे, पण उंची बघून त्यांना राजा केलं. पुठ्ठ्याचा टोप, त्यावर सोनेरी बेगड. बायकांच्या घोळक्यात प्रयाग बसली होती. "तिनं मला पहिल्यांदा बघितलं ते राजाच्या टोपात. मागचं तिला समदं आठवतंय, आत्ताचं आठवत न्हाई. मी तो टोप घालून गेलो, की वळखंल. वळखलं की जेवंल. सोपं हाय."

मला ते सोपं वाटत नव्हतं, पण त्यांच्यापुढं नाही म्हणवेना.

पहिला टोप त्यांनी घाईत केला, मोबाइलवर सापडला तो. कुठल्या देशातल्या शिपायाचा होता देव जाणे, डोळ्यांपुढं जाळी आणि मागं शेपूट. मामी बघून म्हणाल्या, "पाव्हणं, गाडी कुठं लावली?" मोटरसायकलवाला समजल्या. मी तोंडात पदर कोंबून बाहेर पळाले, आणि बाहेर येऊन हसता हसता रडू फुटलं.

दुसरा मात्र मामांनी जीव ओतून केला. आपल्याकडचा सरदारी टोप, वर कळस, कपाळावर पट्टी, बेगड अशी लावली की कुठं सुरकुती नाही. स्वतःच्या अवघड डोक्याचं माप मला घ्यायला लावलं, तीन-तीनदा. असा बसला, की राजवाड्यातल्या कारागिरालाही जमला नसता. मामींनी कौतुकानं बघितलं. "टोपी लई बेस हाय, पाव्हणं. आता जावा."

मामा ओट्यावर येऊन बसले. टोप मांडीवर. म्हणाले, "आता नळीच घालायची का ओ बाई?"

मला राग आला. कुणाचा ते माहीत नाही, पण मामांवर काढला. "मामा, तो जुना टोप खरंच असा होता का? नीट आठवा. तिनं बघितलेला टोप करा, तुम्हाला आवडलेला नको!"

मामांनी मांडीवरचा टोप बाजूला ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "तो टोप ढगळ होता."

त्या नाटकाच्या टोपाचं माप घ्यायच्या दिवशी कडक ऊन होतं, मामांच्या डोक्याला दस्ती बांधलेली होती. माप घेणारे गावचे पाटील वयानं मोठे. मोठ्या माणसापुढं बोडक्यानं कसं उभं राहायचं, म्हणून मामांनी दस्ती सोडलीच नाही. पुठ्ठा दस्तीवरून मापला गेला. नाटकात दस्ती काढून टोप घातला, तो थेट नाकावर आला. राजाला काही दिसेना, तो प्रधानाऐवजी खांबाला हुकूम सोडायला लागला. सारं गाव हसलं, बायका पण हसल्या. "त्या दिवशी ठरवलं, कुणाच्या डोक्यावर असला टोप चढू द्यायचा न्हाई." एवढं सांगताना एवढ्या वर्षांनी सुद्धा त्यांचे कान लाल झाले होते.

म्हणलं, "मग करा ढगळ."

"माझ्या हातून हुईना ओ."

"मामा, करा!"

रफीकच्या दुकानात मी पण गेले. मामांनी आकडा सांगितला, रफीकनं मशीनवरचा हात काढला. "मामा, इत्ता? ये तो भोपळ्याला बसता."

"बसू दे. छाप."

त्या दिवशी दोघं भांडले नाहीत. रफीकनं पानं छापून नीट रचून हातात दिली आणि दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायला आला.

रविवारी दुपारी टोप तयार झाला. मामांनी घातला, तो नाकाच्या शेंड्यावर येऊन टेकला. खाली नुसत्या मिशा आणि ओठ. समोरचं दिसत नव्हतं म्हणून मी कोपराला धरून त्यांना आत नेलं. मामी बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी बघितलं, आणि ताडकन उठल्या. पदर डोक्यावर घेतला. दोन्ही हात जोडले.

"राजे, आलाव?"

मामा राजासारखे ताठ उभे राहिले. "हाव," ते म्हणाले. "आलोय."

आम्ही दोघंही वाट बघत होतो, आता ओळखंल, आता म्हणंल. मामी खाली जमिनीवर बसल्या. "राजे, एक गाऱ्हाणं हाय. कवाधरनं तुमची वाट बघून राहिले. आमच्या घरचे घरी आले न्हाईत. मोंढ्यात गेले ते तिकडंच ऱ्हायले. लई दिस झाले. त्येंच्या जागी एक पाव्हणं येऊन बसतंय. माणूस वंगाळ न्हाई, पण परकं हाय. त्येला तरी किती बोलावं? तुम्ही शिपाई धाडा, राजे. आमच्या घरच्यांला हुडकून आणा."

मला राहवलं नाही. "मामी, म्हणून तुम्ही जेवत नाही?"

त्या माझ्याकडं वळल्या. "असं काय इचारता बाई? ते कुठं उपाशी असतील, अन् मी त्येंच्या आधी जेवून घिऊ?"

मला वाटलं, आता हा माणूस टोप फेकून देईल आणि तिच्यापुढं बसून हंबरडा फोडंल. पण राजाच्या आवाजात, दरबारात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "नाव काय त्येंचं?"

मामी लाजल्या. खरंच लाजल्या, नव्या नवरीसारख्या. पदराचं टोक तोंडात गेलं. नवऱ्याचं नाव असं सरळ कसं घ्यायचं? या बाईला मीठ आठवत नव्हतं, लेक आठवत नव्हती, समोरचा माणूस आठवत नव्हता, पण हे आठवत होतं. मग सावकाश, एकेक शब्द हुडकत, उखाणा घेतला.

"चुलीवर भाकर, ताटात पिठलं,
गंगाधररावांबिगर मन माझं विटलं."

टोपाखाली मिशा ओल्या झाल्या होत्या. मामांनी दरबारातल्यासारखा एक हात वर केला. "येतील," म्हणाले. "आजच धाडतो. पर तवर तुम्ही जेवून घ्यायचं. राजाचा हुकूम हाय."

"हाव जी," मामी म्हणाल्या.

मी ताट वाढून आणलं. मामी जेवल्या. घास घास करून, स्वतःच्या हातानं. अर्धी भाकरी आणि पिठलं बाजूला काढलं आणि वर दुसरं ताट झाकलं. "ह्येंच्यासाठी," मला म्हणाल्या.

मामांना मी ओट्यावर आणून बसवलं. त्यांनी टोप काढला नाही, शेवटी मीच उचलला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी रडले, चांगली मोठ्यानं रडले. ते मलाच समजावत होते, "बाई, जेवली की ओ. नळी टळली." आणि जरा वेळानं, स्वतःलाच खरं वाटत नसल्यासारख्या आवाजात, "लग्नात घेतलं होतं तिनं माझं नाव. त्याच्यानंतर आजच."

आता राजा रोज दुपारी येतो. रोज तेच गाऱ्हाणं ऐकतो आणि रोज तोच शब्द देतो. मामी जेवतात. अंगावर थोडं मांस धरलंय, लेक बघून गेली. टोप माझ्याकडं ठेवलेला असतो. तो काढून, तोंड धुऊन, मामा संध्याकाळी नुसत्या डोक्यानं घरात जातात. मामी आता त्यांना जा म्हणत नाहीत. बाजेवर जागा करून देतात.

"बसा पाव्हणं. आज थांबाच. आमचे हे येतीलच आता, राजानं शब्द दिलाय. तुमची त्येंची गाठ पडंल."

मामा बसतात. मग दोघंही दाराकडं बघत वाट बघतात.